केर आहे

१

आमच्या घरात केर राहत नाही. मी ही बढाई मारत नाही, माझ्या सासूबाई हीच गोष्ट तक्रार म्हणून सांगायच्या. अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचं म्हणजे खिडकीच्या चौकटीवर रोज काळी भुकटी बसायची, पण माझ्या खिडकीवरून कुणीही बोट फिरवून बघावं. म्हणून ह्यांनी शिडाच्या मचव्यावर राहायला जायचं काढलं तेव्हा मला वादळाची काळजी वाटली नाही. केरसुणी कुठे टांगायची याची वाटली.

'हे' म्हणजे श्यामकांत गद्रे. नाव घ्यायची वेळ उखाण्यापुरतीच येते. हे कारखान्यात केमिस्ट होते, आणि इतकी वर्षं नाकातोंडात गेलेल्या वाफा छातीत साठवून बसले होते. कोरडा, खरखरीत खोकला, आणि बोलले तरी आवाज घोगरा. त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात खोकल्याबरोबर रक्त पडलं. आमचे डॉक्टर चिंतामणी सोहोनी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, हा हिवाळा यांना इथे काढू देऊ नका. समुद्राची हवा मिळाली तर छाती सुधारेल. नाहीतर मी काही सांगू शकत नाही."

दुसरा कुणी असता तर रत्नागिरीला मावशीकडे जाऊन गच्चीत खुर्ची टाकून बसला असता. ह्यांचं बालपण जयगडच्या खाडीत गेलेलं, ह्यांनी मचवा घेतला. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडे तो पडून होता, फाळणीच्या वेळी कराचीकडून आलेला. तुळशीचं लग्न झालं की निघायचं, हर्णै, जयगड, मालवण अशी बंदरं घेत खाली उतरायचं आणि शिमग्याच्या आत परत, असा बेत ठरला. त्याआधी अंगवळणी पडावं म्हणून दसऱ्यानंतर आम्ही मचव्यावरच बिऱ्हाड हलवलं. कॅम्पाच्या खालच्या अंगाला, उल्हास नदी खाडीला मिळायच्या बेतात असते तिथे, करंजाच्या झाडांना दोर लावून तो उभा होता.

२

पहिल्या आठवड्यात आम्ही दोघांनी तो मचवा डोक्यांनीच ठोकून काढला. मधोमध एक बुटकी खोली, तिच्या छताला आडव्या तुळया, उठलं की टाळकं आपटलंच. स्टोव्ह सुतळीने बांधायचा, कप खिळ्यांना टांगायचे, दुधाचं पातेलं निम्मंच भरायचं. भरती आली की सगळा संसार वर उचलला जायचा. ओहोटीला तळ चिखलाला टेकून मचवा एका अंगावर कलायचा आणि डोक्याखालची उशी पायाशी जाऊन बसायची. आम्हाला समुद्रातून नेणारा पदू तांडेल सकाळ-संध्याकाळ येऊन आमची फजिती बघून हसायचा.

"बाय, हं त नदीचं पानी हाय," तो म्हणायचा. "दर्यान गेल्याव मंग बगा."

मुक्कामाला मात्र तो कधी थांबत नसे. घर जवळच आहे म्हणायचा.

खोलीच्या पुढे, मचव्याच्या टोकाला, म्हणजे पदू ज्याला नाळ म्हणायचा तिथे, एक अंधारी कोठी होती. आत जादा शीड, दोर, नांगराची साखळी. तिला बुटकं दार आणि आमच्या बाजूने कडी. संध्याकाळी हे तिथे काहीतरी खुडबुड करत असायचे. मी दिवेलागणीच्या आधी सगळं झाडून घ्यायची, कंदील लावायची, आणि नेमका तेव्हाच कोठीकडून तो घोगरा आवाज यायचा.

"केर आहे."

मला हे झोंबायचं. आत्ता तर झाडलं, आणि केर? पण जाऊन बघावं तर कोठीच्या उंबऱ्याशी चिमूटभर पांढुरकी, पिठासारखी मऊ वाळू असायचीच. आमच्या नदीची वाळू काळी आणि जाड. ही कुठून येते कोण जाणे, असं पुटपुटत मी केरसुणी उचलायची आणि मोठ्याने म्हणायची, "काढते." दिवे लागल्यावर केर बाहेर टाकू नये म्हणतात, लक्ष्मी जाते, म्हणून तो कोपऱ्यात गोळा करून ठेवायचा आणि सकाळी पाण्यात टाकायचा.

हे रोजचंच झालं. "केर आहे." "काढते." नवरा थट्टा करायला लागला म्हणजे बरा व्हायला लागला, असा हिशेब करून मी मनातल्या मनात खूश होते. खोकलाही खरंच कमी होत चालला होता.

३

एका संध्याकाळी मी स्टोव्हवर आल्याचा काढा ठेवला होता. हे बांधावर पदूशी बोलत उभे होते. खिडकीतून मला ह्यांचा मफलर दिसत होता, शिडाबद्दल सांगताना हवेत फिरणारा हात दिसत होता. मी कंदील लावला.

"केर आहे," कोठीतून आवाज आला.

मी "काढते" म्हटलंसुद्धा, केरसुणीला हात घातलासुद्धा. मग खिडकीतून पुन्हा पाहिलं. हे बांधावरच होते.

मी लग्नाआधी बदलापूरच्या एका शाळेत गणित शिकवत असे. उगाच घाबरणं मला पटत नाही. पाण्यावरून आवाज लांब जातो, लाकडाच्या पोकळीत घुमतो, बांधावरचा शब्द कोठीतून आल्यासारखा वाटू शकतो. हे सगळं मी स्वतःला नीट समजावलं. हे वर आले तेव्हा काढा हातात देता देता सहज विचारलं, "मघाशी केर आहे म्हणालात का हो?"

"मी कशाला म्हणेन?" हे म्हणाले. "तूच म्हणतेस की रोज. 'केर आहे, काढते.' मला वाटलं, मालूला पाण्यावर एकटीने बडबडायची सवय लागली."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. हे हसले आणि हसताना खोकले नाहीत, याचाच मला जास्त आनंद झाला. मग कंदील घेऊन आम्ही कोठी उघडून पाहिली. शीड, दोर, साखळी. ह्यांनी बोटाच्या पेरांनी फळ्या वाजवून दाखवल्या.

"लाकूड बोलतं," हे म्हणाले. "जयगडला आमचे आजोबा म्हणायचे, जुन्या गलबताला झोप कमी."

मी हसले खरी, पण केर न काढताच झोपले. आयुष्यात पहिल्यांदा.

४

कॅम्पातल्या बराकीत राहणारी सिंधी खेमी पापड लाटून विकायची आणि सकाळी नदीवर यायची. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. मला ती 'अदी' म्हणायची, म्हणजे त्यांच्यात बहीण. मी तिला मराठी शिकवत होते आणि ती मला पापड भाजायला. एका सकाळी बांधावर बसल्या बसल्या मी तिला गंमत म्हणून सांगितलं, "खेमी, माझा मचवासुद्धा मला टोमणे मारतो. रोज म्हणतो, केर आहे."

"अच्छा है," खेमी हसून म्हणाली. "पूछता है तुमको."

"पूछता नहीं, सांगतो. केर म्हणजे कचरा."

"वो तुमच्या मराठीत. हमारे में केर माना कौन. केर आहे, कौन है. दरवाजा कोई ठोके तो पूछते हैं ना?"

मला लगेच काही वाटलं नाही. भाषांची असली गंमत मला आवडते, मी हसतच राहिले. खेमी मात्र हसायची थांबली होती.

"फिर तुम क्या बोलती हो?" तिने विचारलं.

"मी काय बोलणार. काढते म्हणते."

तिने हातातलं पापडांचं फडकं घडी घालून टोपलीत ठेवलं. "कढणु हमारे में भी है, अदी. बाहर निकालना. रोज बोली?"

"रोज."

"फसे हुए को भी निकालते हैं," ती सावकाश म्हणाली, "और घर से भी निकालते हैं. उसने कौनसा समझा, कौन जाने."

मी म्हटलं, अगं, लाकडाचा आवाज आहे तो, लाकूड कसलं समजतंय. तिने मान डोलावली. टोपली डोक्यावर घेऊन दोन पावलं गेली आणि वळली.

"और एक बात. केर आहे, ये हमेशा अंदर से पूछते हैं. घरवाला पूछता है, बाहरवाले को."

५

ह्यांना मी हे सांगितलं नाही. त्याच आठवड्यात डॉक्टर सोहोनींनी छाती तपासून मला विचारलं होतं, "वहिनी, काय जादू केलीत? हे खरंच सुधारतायत. बिनधास्त निघा." त्या छातीसाठी मी भुताच्या घरातसुद्धा स्वयंपाक केला असता. मी एवढंच ठरवलं, की आता उत्तर द्यायचं नाही.

चार-पाच संध्याकाळी मी ओठ चावून गप्प बसले. अर्थ कळल्यावर तो शब्द अगदी वेगळा ऐकू यायला लागला. शेवटी आवाज किंचित वर जायचा. त्यात राग नव्हता. दाराबाहेर कुणीतरी आलं आहे, पण नक्की कोण ते कळत नाही, असा माणूस विचारतो तसं होतं ते. थोड्या वेळाने तो पुन्हा विचारायचा, आणखी हळू.

मग एका संध्याकाळी दूध उतू गेलं. मी फडकं शोधत होते, मचवा ओहोटीने कलला होता, स्टोव्ह भडकला होता, आणि कोठीतून आवाज आला. जित्याची खोड म्हणतात ती अशी. माझ्या तोंडून गेलं, "काढते हं, काढते."

आत शांत झालं. मग साखळी सरकली. फार वेळ बसलेल्या कुणाचा तरी उठताना जड वस्तूला पाय लागावा, इतपतच.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांचा खोकला पूर्ण थांबला. आवाज स्वच्छ झाला, अगदी लग्नात होता तसा. मी देवापुढे साखर ठेवली. आणि साखर ठेवून वळते तर हे तुळईखालून वाकून गेले, न बघता. मला आठवेना, ह्यांचं डोकं शेवटचं कधी आपटलं होतं. माझं तर रोज आपटत होतं. त्या दिवसापासून हे कंदील विझलेला असला तरी नेमकं जिथे वाकायचं तिथेच वाकायचे. मला मालूऐवजी मालिनी म्हणायला लागले. खोलीत येण्याआधी दारात उभे राहायचे आणि मी वर पाहिलं की मगच आत यायचे. आजारातून उठलेला माणूस थोडा बदलतोच, असं मी स्वतःला बजावत होते. पण 'हे' म्हणताना माझी जीभ अडखळायला लागली होती.

निघायच्या आदल्या दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. समोरच्या फळीवर ते आडवे झाले होते. खोकला आला. कोरडा, खरखरीत, वर्षानुवर्षं ऐकलेला. मी सवयीने उठून पाण्याचं भांडं भरलं आणि पुढे केलं. ते डोळे उघडे ठेवून पडले होते, तोंड मिटलेलं होतं. खोकला चालूच होता, कोठीत.

मी भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले. ते माझ्याकडे बघत होते.

"लाकूड बोलतं," ते म्हणाले.

६

दिवेलागणीपर्यंत मी त्यांच्यासमोर तांदूळ निवडत राहिले. निवडलेलेच पुन्हा निवडले. पदूने बांधावरून हाक मारली तेव्हा ते उठले, बरोबर जागी वाकले आणि वर गेले. त्यांची पावलं फळीवरून उतरून गेलेली ऐकली आणि मी कंदील घेऊन कोठीच्या दाराशी गेले.

आत कुणीतरी खोकत होतं. कंदिलाचा उजेड फटीतून आत गेला असावा, कारण खोकला थांबला आणि थकलेला, घोगरा आवाज आला.

"केर आहे."

आवाज ह्यांचा होता. पण शब्दाचं काय करायचं? माझा नवरा आत असेल तर तो मला चिडवत असेल, किंवा ओळखीची खूण म्हणून हेच म्हणेल. आणि तो दुसरा असेल तर विचारत असेल. सांगणं आहे की विचारणं आहे, मला कळेना. कडीवर हात ठेवून मी किती वेळ उभी होते देव जाणे. मला फार भीती वाटत होती. पण दाराच्या त्या बाजूला माणूस गुदमरून खोकत होता आणि तो खोकला मी दुसऱ्या कुणाचा म्हणून ऐकूच शकत नव्हते.

"मी आहे. मालू," मी म्हटलं. "काढते." आणि कडी ओढली.

शिडाच्या ढिगावर कुणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. गुडघे पोटाशी, कपाळ फळ्यांना टेकलेलं, खोकल्याने खांदे हलत होते. त्याच्या शेजारी शीड खोल दबलेलं होतं. तिथे आणखी कुणीतरी बसत होतं, आणि एक-दोन दिवस नव्हे, कापडाला बसल्याचा आकार आला होता. त्या खळग्यात पांढरी वाळू भरलेली होती. एवढंच मी पाहिलं. मग डोळे मिटून हाताला जो दंड लागला तो धरून ओढला. दंड तापाने पोळत होता.

आम्ही दोघं खोलीत कोसळलो. हे होते. तुळईवर डोकं आपटलं ह्यांचं, आणि त्या आवाजाने मला रडूच आलं.

"मालू, कडी कुणी घातली गं?" हे म्हणाले आणि पुन्हा खोकायला लागले. रुमालावर रक्त होतं.

वर बांधावरून पदूची हाक आली. "बाय, सायेब खाली हायत का? आताच मांजेसंगती व्हते, बोलता बोलता मचव्याव चडले."

 डोक्यावरच्या फळ्यांवर पावलं आली, आमच्या अगदी वर आली आणि थांबली.

 पदूने पुन्हा हाक मारली तेव्हा मी ह्यांना खांद्याचा आधार देऊन वर चढले. वर कुणी नव्हतं. पदूने ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांचा तो अवतार पाहिला, आणि आम्हाला हात देऊन बांधावर घेतलं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो.

७

ह्यांना काही आठवत नाही. दोर आणायला कोठीत गेलो, कडी पडली असेल, आत हवा कमी, झोप लागली असेल, असं ह्यांचं म्हणणं. किती दिवस आत होता, हे मी विचारलं नाही. मचव्याचं पुढे काय झालं तेही विचारलं नाही. खेमी एकदा रस्त्यात भेटली, तिने फक्त माझा हात दाबला.

समुद्र राहिला तो राहिलाच. डॉक्टर सोहोनी माझ्यावर चिडले, आणि त्यांचं बरोबरच होतं. हिवाळा अंबरनाथलाच उजाडला, कारखान्याचा धूर खाली उतरला. ह्यांना अंथरुणावरून उठायचीही मनाई झाली, आणि तसं उठवतही नव्हतं. दिवसरात्र खोकला. हाच खोकला माझ्या नवऱ्याला नेणार हे मला कळत होतं. आणि तो जरा वेळ ऐकू आला नाही की हातातलं टाकून मी धावत जायची. खोकताना पाहिलं की जीव भांड्यात पडायचा. असलं विचित्र सुख कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पौषातल्या एका संध्याकाळी औषध संपलं म्हणून मी बाजारात गेले. ह्यांना उठता येत नाही, म्हणून दार नुसतं ओढून घेतलं होतं. परत आले तर दाराला आतून कडी.

मी कडी वाजवली. आतून पावलं आली, भरभर, हलकी, पाय न ओढता. दाराशी येऊन थांबली.

"कोण आहे?" आतून विचारलं. स्वच्छ आवाजात, अगदी शुद्ध मराठीत.

मी 'मी' म्हणायला तोंड उघडलं होतं. दाराआडचा माणूस उत्तराची वाट बघत होता, आणि त्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या बाजूला, माझा नवरा खोकत होता.